एका बाजूचा भंडारा

हरणाबाईचं भांडण कुणाकुणाशी झालं हे विचारण्यापेक्षा कुणाशी झालं नाही हे विचारलेलं बरं. शेजारणींशी झालं, तलाठ्याशी झालं, औंधच्या बाजारात कासाराशी झालं आणि एकदा तर तिच्या शेळ्यांच्या वाटेत उभ्या राहिलेल्या सर्व्हिस मोटारीशी झालं. मोटार मागं सरली. पण तिचं खरं गाजलेलं भांडण झालं ते साक्षात बिरोबाशी. तेही देवाच्याच जत्रेत, देवाच्याच अंगणात, ढोल-कैताळाच्या गजरात. मी तिथं हजर होतो म्हणून सांगतो. दुसऱ्यानं सांगितलं असतं तर मीच त्याला वेड्यात काढलं असतं.

वडूजहून औंधला जाताना एक धनगरांची वाडी लागते. मी तेव्हा वडूजच्या शाळेत मास्तर होतो. लढाईचे दिवस होते. साखर कार्डावर, रॉकेल नशिबावर आणि करमणूक म्हणाल तर शाळेची तपासणी. त्यामुळे दसऱ्यानंतरच्या त्या वाडीच्या जत्रेची आम्ही मास्तर मंडळी वर्षभर वाट पाहायचो. आमंत्रण असायचं बिराप्पाचं. बिराप्पा म्हणजे हरणाबाईचा नवरा.

देवानं या जोडप्याला घडवताना मातीची वाटणी जरा बेफिकिरीनं केली होती. बिराप्पा दारातून आत आला की घरात अंधार व्हायचा. त्याच्या मिशा अशा की एका टोकाला उन्ह आणि दुसऱ्या टोकाला सावली. आवाज तर असा, की ह्या टेकडीवरून त्यानं बायकोला हाक मारली की त्या टेकडीवरच्या तीन बायका 'आले' म्हणायच्या. आणि हरणाबाई? उरलेल्या मातीत जेवढी बसली तेवढी. त्याच्या खांद्यावरची घोंगडी पसरली तर ती तिच्यात दोनदा गुंडाळता आली असती. पण त्या घरात मेंढरं बिराप्पाचं ऐकत, आणि बिराप्पा हरणाबाईचं ऐकत असे.

जत्रेच्या पहिल्या दिवशी मात्र बिराप्पा कुणाचंच ऐकत नसे, कारण त्या दिवशी त्याच्या अंगात देव यायचा. दुपार कलली की देवळापुढच्या दगडी कट्ट्यावर तो उभा राहायचा, ढोल कडाडायचे, आणि बिराप्पा दोन्ही मुठी भरून भंडारा दोन्ही बाजूंना उधळायचा. मग भाकणूक सांगायचा: पुढलं वर्ष कसं जाईल, शाळूला पाऊस लागेल का, मेंढरांवर रोग येईल का. दुसऱ्या दिवशी देवाची तलवार खेळायची, आणि मग एकदोन दिवसांत वाडीतले पुरुष मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणाकडे निघायचे, ते थेट पावसाच्या तोंडावर परत.

कट्ट्याच्या उजव्या हाताला वरली आळी बसायची, डाव्या हाताला खालची आळी. ह्या दोन आळ्यांचं वैर होतं. ते कशावरून सुरू झालं हे कुणालाच आठवत नव्हतं, पण ते थांबवायचं नाही एवढं सगळ्यांना पक्कं आठवत होतं. वरल्या आळीचा म्होरक्या हरिबातात्या, बिराप्पाचा चुलता. खालच्या आळीचा म्होरक्या नाथाजी, लांबोडका, सदा रुसलेला. वरल्या आळीत कुणी शिंकलं तरी ते आपल्याला उद्देशून आहे असं त्याला वाटायचं.

तर त्या वर्षी आम्ही सकाळीच वाडीत पोचलो. बिराप्पानं आम्हाला जवळ बसवून घेतलं. डाव्या तळव्यावर भाकरी, भाकरीवर ठेचा, उजव्या हातानं तुकडा मोडायचा आणि मोठ्यानं बोलायचं, असं त्याचं चाललेलं. बोलता बोलता भाकरी हातातून घसरली आणि धुळीत पडली.

"अरं तिच्या!" बिराप्पा हसला. "हात झोपला जणू."

त्यानं तो हात दोनदा झटकला, बोटं उघडली-मिटली. हरणाबाई चुलीपाशी होती. तिनं वळून पाहिलं. एरवी भाकरी मातीत पडली असती तर तिनं अर्धा तास तोफ डागली असती. त्या दिवशी ती एक अक्षर बोलली नाही. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं की काहीतरी भलतंच झालंय.

"आवं, ह्यो हात कवापास्नं असा करतूय?"

"कसा?"

"झोपतूय."

"आगं, रात्री उशाला घितला आसंल. तू बी काय!"

"तुमी आज देवाम्होरं उभं ऱ्हाऊ नगा."

बिराप्पा इतक्या जोरात हसला की कुंपणातली मेंढरं बिचकली. "मास्तर, ऐकलं का? देव येनार हाय वर्सातनं एकदा, आन् ही म्हनती घरात न्हाई म्हनून सांगा!"

दुपार कलली. अंगण गच्च भरलं. गजीवाले ढोल-कैताळ वाजवत, रंगीत रुमाल उडवत रिंगणात नाचत होते, ढोल छातीत वाजत होते. वरली आळी उजवीकडे, खालची डावीकडे, मध्ये एक सडा-सारवण केलेली रिकामी पट्टी. तिच्यावर पाय ठेवणं म्हणजे युद्ध. सगळ्या पुरुषांच्या डोक्यांवर जत्रेचे धुतलेले पांढरे पटके. बिराप्पा कट्ट्यावर चढला. डोळे मिटले. अंग थरथरलं. ढोल असे कडाडले की माझ्या शेजारच्या गणिताच्या मास्तरांनी माझा हात धरला. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" आणि भंडारा उधळला गेला.

उजवीकडं पिवळा ढगच्या ढग उठला. वरली आळी पटक्यापासून पायापर्यंत पिवळीधमक झाली.

डावीकडं काहीच नाही.

डावा हात उठलाच नव्हता. मूठ सैल सुटली होती आणि भंडारा बिराप्पाच्या पायावरच सांडला होता. खालची आळी आ वासून वर बघत होती. पटके जसेच्या तसे पांढरे, जणू परटाकडून आत्ता आले. अंगणाचे सुरीनं कापल्यासारखे दोन भाग झाले, एक पिवळा आणि एक कोरा.

मग देव बोलू लागला. तोंडातून शब्द असे आले की जणू जिभेवर घोंगडं टाकलंय. कुणाला काही कळेना. आणि आमच्याकडं असं आहे, की बोललेलं कळलं तर माणूस बोलला, नाही कळलं तर देव बोलला. हरिबातात्या गदगदला.

"आजवर आसा देव आला न्हवता! आगदी आतनं बोलतूय!"

"काय बोलला पर?" कुणीतरी विचारलं.

"लढाई मिटनार म्हनला."

"छ्या! पाऊस म्हनला. मोठा पाऊस."

"पाऊस कुनाला?" नाथाजी उठून उभा राहिला. त्याचा आवाज फाटला होता. "आं? पाऊस तुमास्नी, भंडारा तुमास्नी, मग आमी हितं काय मेंढरं मोजायला बसलूय? देवाला फितवलंय वरल्या आळीनं!"

"देवाला फितवत्यात व्हय रं? देवाच्या मनातच तुमी न्हाई!"

झालं. त्या रिकाम्या पट्टीवर दोन्ही बाजूंनी पाय पडले. काठ्या वर गेल्या. गजीवाल्यांना वाटलं हा जत्रेचाच भाग, म्हणून ते अधिकच जोरात वाजवू लागले. आम्ही मास्तर मंडळी शिक्षणाला शोभेल अशा चपळाईनं देवळाच्या मागं गेलो आणि तिथून डोकावून पाहू लागलो.

आणि त्या गोंधळातून बायकांच्या बाजूनं एक हिरवं लुगडं सुटलं. हरणाबाई! ती दोन आळ्यांच्या मधून, काठ्यांच्या खालून गेली. खाली वाकायची तिला गरजच नव्हती. कट्ट्यावर चढून बिराप्पाच्या समोर उभी राहिली. तो आता बसकण मारून बसला होता, म्हणून दोघांची तोंडं कधी नव्हे ती समोरासमोर आली. तिनं दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला आणि ओरडली,

"दात दावा!"

ढोल थांबले. काठ्या होत्या तिथं थांबल्या. देवाला कुणी नवस बोलतं, कुणी कौल मागतं. दात दाखवायला सांगणारी बाई त्या अंगणानं आजवर पाहिली नव्हती.

"हरणे!" हरिबातात्या हात जोडत म्हणाला. "देव हाय त्यो!"

"देव आसंल तर दावंल की! देवाला दात न्हाईत व्हय?"

आणि देवानं दात दाखवले. पण अर्धेच. उजवीकडचा ओठ वर गेला, डावीकडचा तसाच लोंबत राहिला. ती भली थोरली मिशी एका बाजूनं टांगलेली आणि एका बाजूनं गळून पडलेली.

"आता दोनी हात वर करा. म्होरं धरा. आस्सं."

उजवा हात खांबासारखा उभा राहिला. डावा निम्म्यावर आला आणि हळूहळू, दमलेल्या कोकरासारखा, खाली बसला.

हरणाबाई वळली. एवढीशी बाई, पण त्या क्षणी ती कट्ट्यावर देवळाच्या कळसाएवढी दिसली.

"बगा! देवाला वरली आळी आन् खालची आळी नसती. देव उधळतूय तर दोनी हातानं उधळतूय. ह्यो देव न्हाई. ह्येच्या अंगावरनं वारं चाललंय!"

आमच्याकडं पक्षाघाताला 'अंगावरून वारं जाणं' म्हणतात. तो शब्द ऐकल्यावर काठ्या खाली आल्या. हरणाबाई आता जिंकणार असं मला वाटलं. पण बिराप्पानं घात केला. तो बरा झाला!

खरंच. चुलीवरचं आधण उकळायच्या आत त्याची मिशी पुन्हा ताठ झाली, जिभेवरचं घोंगडं उतरलं, डावा हात वर गेला, त्या हातानं त्यानं कान खाजवला आणि भोवतीच्या माणसांकडं बघून आपल्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "काय झालं रं? समदी आशी का बगताय? मटान शिजलं न्हाई का आजून?"

"देव उतरला!" हरिबातात्या जल्लोषानं ओरडला. "वारं-बिरं काय न्हाई! चांगभलं!"

"चांगभलं!" वरली आळी गरजली.

"मग आमचा भंडारा?" खालची आळी गरजली. "उद्या पुन्हा उधळा! पैला आमच्याकडं!"

"उधळतू की!" बिराप्पा उदार झाला. "उद्या तलवार बी खेळतू आन् भंडारा बी उधळतू. त्येला काय हुतंय!"

तेव्हा मी हरणाबाईच्या तोंडाकडं पाहिलं. तिच्या हातातला पुरावाच नाहीसा झाला होता. ती भांडायचं सोडून हळू बोलू लागली, आणि हरणाबाई हळू बोलते हे पाहून बिराप्पाचंही हसू मावळलं.

"माझ्या बाचं आसंच झालं हुतं. वाड्यावर मेंढरं कोंडताना तोंड वाकडं झालं. समदी हासली. त्यो बी हासला. घटकंभरात बरं झालं, तवा आय म्हनली, उन लागलं. दुसऱ्या दिशी डोंगर चढून गेला, आन् चौघांनी घोंगडीत घालून आनला. मग सा वर्सं खाटंवर. म्या भरवायची, आन् अर्धा घास गालातनं भायेर यायचा. माज्याकडं बगून रडायचा पर नाव घिता येत नव्हतं." तिनं पदरानं नाक पुसलं. "पैलं वारं सांगावा घिऊन येतंय. दुसरं मानूस घिऊन जातंय. आज सांगावा आलाय. आजच औंधच्या डाक्टराकडं जायाचं."

"पर मला काय झालंच न्हाई!" बिराप्पा म्हणाला.

"सांगावा आला की पावना यायच्या आदी आवरायचं आस्तं. त्यो दारात आल्यावं न्हाई."

पण जत्रा ती जत्रा. देवाचा माणूस भर जत्रेतून वैद्याकडं नेणं म्हणजे देवाचा अपमान, असं हरिबातात्याचं म्हणणं. वरली आळी वाट अडवून उभी राहिली. आणि बिराप्पा, ज्याला एरवी बायकोच्या शब्दापुढं जाता येत नसे, तोही "देवाला सबूद दिलाय गं" म्हणत बसून राहिला. उद्या तो तलवार घेऊन नाचणार, परवा घाट उतरणार. तिकडं डोंगरात दुसरं वारं आलं तर त्याला घोंगडीत घालणारी माणसंसुद्धा मिळणार नव्हती.

हरणाबाईनं एकदा वरल्या आळीकडं पाहिलं, एकदा खालच्या. मग ती पदर खोचून थेट नाथाजीपुढं जाऊन उभी राहिली. वरल्या आळीची सून खालच्या आळीत! बायकांनी तोंडावर हात घेतला.

"नाथाजीभावजी, तुमचा भंडारा कुठल्या हातात हुता?"

"डाव्या!"

"त्यो हात उठला न्हाई, म्हनून तुमी कोरं ऱ्हायला. व्हय का न्हाई?"

"व्हय!"

"उद्या पुन्हा न्हाई उठला तर? पुन्हा कोरं. पुढल्या वर्साला बी कोरं. हरिबातात्यास्नी काय, त्येंच्या बाजूचा हात धडधाकट हाय. त्येंचं काय अडलंय डाक्टराकडं जायाचं?"

नाथाजीच्या डोक्यात हे शिरायला वेळ लागला, पण शिरलं तेव्हा पुरतं शिरलं. त्याची मान लाल झाली.

"आस्सं व्हय!" तो किंचाळला. "म्हनून वाट आडवत्यात! आमच्या बाजूचा हात मोडका ठिवायचा बेत हाय ह्यांचा! गाडी जुपा रं! आमच्या हिश्शाचा हात हाय, आमी दुरुस्त करून आनतू!"

मग काय विचारता! खालच्या आळीनं बिराप्पाला उचलला. मी पुन्हा सांगतो, उचलला. अंधार पाडणारा तो माणूस आठ जणांच्या खांद्यावरून गाडीत गेला. "आरं मला उतरवा रं! मटान!" असं तो ओरडत होता. आणि खालची आळी देवाच्या माणसाला एकटीच घेऊन चालली म्हटल्यावर वरली आळी चवताळली. "एकटं जाऊ देऊ नगा! उजवा हात आमचा हाय!" त्यांनीही गाड्या जुंपल्या. गजीवाले मागं राहतात थोडेच? ढोल गळ्यात, कैताळ हातात. आम्ही मास्तरही धावलो. पुढं हरणाबाईची गाडी, मागं दोन्ही आळ्यांच्या गाड्या, एकमेकींना मागं टाकायला बघणाऱ्या.

"हळू हाका!" हरणाबाई गाडीत उभी राहून ओरडत होती. "शर्यत लावलीया व्हय मुडद्यानू? मानूस हाय गाडीत! आन् तुमी गप पडून ऱ्हावा. उठून बसाल तर बगा!"

वाडी इंग्रजांच्या राज्यात आणि औंध संस्थानात. म्हणजे आम्ही चक्क एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ढोल वाजवत शिरलो. औंधचे लोक दारात येऊन हात जोडू लागले. डॉक्टर चिंतामणराव मूळचे वाईचे, स्वभावानं शांत. वामकुक्षी आटोपून चहाची वाट पाहत ओसरीवर बसले होते. दारात ढोल, तोंडं पिवळी झालेली माणसं आणि गाडीत आडवा पडलेला भला मोठा मिशीवाला पाहून त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाईंना वाटलं, पालखी आली. त्या निरांजन घेऊन आल्या आणि त्यांनी बिराप्पाला ओवाळलं. बिराप्पानं गोंधळून आशीर्वाद दिला.

"काय झालंय यांना?" डॉक्टरांनी विचारलं.

"देव!" "हात!" "भंडारा!" दोनशे माणसं एकदम म्हणाली.

डॉक्टरांनी हात वर केला. "एकानं बोला. घरचं कोण आहे?"

हरणाबाई पुढं झाली. सकाळची भाकरी, दुपारची मूठ, जिभेचं घोंगडं, अर्धे दात, आणि मग सगळं जागेवर आलं ते. तिनं सरळ एका ओळीत सांगितलं. मधे एकही शिवी नाही. डॉक्टर ऐकत होते. चहा आला, निवला, तरी ऐकतच होते.

"दात दाखवायला कुणी शिकवलं तुम्हाला?"

"बाच्या तोंडानं. सा वर्सं रोज बगत हुते."

डॉक्टरांनी मान हलवली. मग त्यांनी रक्ताचा दाब पाहायचं यंत्र काढलं. लाकडी पेटी, तिच्यात काचेची नळी, नळीत पारा. बिराप्पाच्या दंडाला पट्टा बांधायला गेले तर तो पुरेना, कसाबसा आवळला. फुगा दाबला. पारा चढू लागला.

दोन्ही आळ्या ओसरीत घुसल्या. माना उंचावल्या.

"चढला! चढला!" हरिबातात्या ओरडला. "कुठला हात हाय ह्यो?"

"डावा!" नाथाजी नाचू लागला. "आमचा हात! आजून चढतूय बगा! वर! वर!"

"उजव्याचा बगा, उजव्याचा त्येच्या बी वर जाईल!"

पारा चढत होता आणि वाडी आरोळ्या मारत होती. एकटे डॉक्टर आणि एकटी हरणाबाई, दोघंच गप्प. ती पाऱ्याकडं बघतच नव्हती. डॉक्टरांच्या कपाळाकडं बघत होती.

"मंडळी," डॉक्टर म्हणाले, "ही कुस्ती नव्हे. हा पारा जेवढा वर, तेवढा धोका जवळ." नाथाजी नाचायचा थांबला. "बाई म्हणतात ते बरोबर आहे. हा सांगावाच. दुसरा झटका येईल का आणि कधी येईल हे मला सांगता येणार नाही. तो हमखास अडवील असं औषधही माझ्याकडं नाही. पण इथं निजून राहिला, मीठ सोडलं, तंबाखू सोडली, धावपळ टाळली, तर निभावायची आशा आहे. उद्या तलवार घेऊन नाचला तर ती आशाही मी देत नाही."

"मग तलवार कोन खेळनार?" बिराप्पा उठून बसू लागला. "आमच्या घरात आज्यापास्नं चालत आलीया! सबूद..."

"झोपा!" डॉक्टर आणि हरणाबाई एकदम म्हणाले.

बिराप्पा झोपला. त्याच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या. शेवटी त्यानं कमरेचा, देवाच्या माणसानं जत्राभर बांधायचा, तलवारीचा पट्टा सोडला, तोही डाव्या हातानं, मुद्दाम, आणि म्हणाला, "नाथाजी, हिकडं ये. आज तुज्या आळीला भंडारा न्हाई पोचला. उद्या तलवार तू खेळ."

नाथाजी, सदा रुसलेला नाथाजी, त्याला रुसायला काही सापडेना. "म्या?" तो म्हणाला. "मला येतंय का गड्या तुज्यावानी?"

"न्हाई येत. पर पाय कापून घिऊ नगंस म्हंजी झालं."

दुसरं वारं आलं ते तिसऱ्या दिवशी सकाळी. बिराप्पा डॉक्टरांच्या ओसरीवर आडवा होता. पेजेचा पेला हातातून सुटला. या वेळी कुणी हसलं नाही. हरणाबाईनं हाक मारली, डॉक्टर देवपूजा टाकून धावले, त्याला कुशीवर वळवलं, तोंड मोकळं केलं. डावा हात आणि डावा पाय त्या दिवशी पडून राहिले. डॉक्टर नंतर मला म्हणाले, "मास्तर, हा डोंगरात एकटा असता तर आपण त्याच्या दिवसाला जेवायला गेलो असतो."

बिराप्पाची मेंढरं त्या वर्षी कोकणात गेली ती नाथाजीच्या मेंढरांबरोबर. ही गोष्ट दोन्ही आळ्यांनी इतकी गुपचूप केली की वैर मोडल्याचं एकमेकांना कळू नये.

आणि हरणाबाईनं नवऱ्याचा हात कामाला लावला. हात थोडा हलू लागल्यावर ती अंगणात त्याला बसवायची, डाव्या मुठीत ज्वारीचे दाणे द्यायची आणि कोंबड्यांना टाकायला सांगायची. आधी दाणे मांडीवर पडायचे आणि कोंबड्या मांडीवर चढायच्या. मग पायाशी. मग हातभर लांब. "आजून लांब! खालच्या आळीपातूर जाऊ द्या!" ती ओरडायची. त्या वर्षी त्या घरच्या कोंबड्या इतक्या माजल्या की कुत्र्यांना हुसकावू लागल्या. शिवाय रोज सकाळी तोंड धुतलं की, "दात दावा. हात वर. मेंढरांची नावं घ्या." हे पाणवठ्यावर कळलं, आणि वाडीतल्या सगळ्याच बायका आपापल्या नवऱ्यांना उभं करू लागल्या. सकाळी त्या बाजूनं गेलो की घराघरापुढं हात वर करून दात दाखवणारे पुरुष दिसायचे. नव्या माणसाला वाटावं, वाडीवर दरोडा पडलाय आणि सगळ्यांना त्याचा आनंद झालाय.

पुढच्या वर्षीच्या जत्रेला आम्ही पुन्हा गेलो. बिराप्पा जरा वाळला होता, पाय किंचित ओढत होता. या खेपेला तो कट्ट्यावर घोंगडीवर बसला. ढोल हळू वाजवायचे, ही हरणाबाईची आज्ञा. देव येण्याआधी ती कट्ट्यावर गेली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "दात दावा." बिराप्पानं दाखवले. दोन्हीकडचे, पुरे. हरिबातात्यानं पुढं वाकून खात्री केली आणि मान डोलवली. आता ती जत्रेची रीतच झाली होती.

"चांगभलं!"

उजवा हात उठला, वरली आळी पिवळी झाली. मग डावा. सगळी खालची आळी श्वास रोखून वर बघत होती. हात उठला. थरथरला. खांद्यापर्यंत आला. आणखी थोडा वर. आणि मूठ उघडली.

भंडारा उडाला नाही. तो एका गठ्ठ्यानं निघाला आणि सरळ समोर बसलेल्या नाथाजीच्या डोक्यावर पडला. सगळाच्या सगळा. पटका, भुवया, नाक, मिशा, नाथाजी दिसेनासाच झाला.

मग त्या पिवळ्या ढिगातून खोकला आला आणि खोकल्यामागून आवाज,

"आला! आमचा हिस्सा आला!"

खालची आळी उठून नाथाजीवर पडली. जो तो त्याच्या डोक्यावरचा भंडारा ओरबाडून स्वतःला लावू लागला. वरली आळीसुद्धा धावली. ती रिकामी पट्टी कुठं गेली हे कुणाला कळलं नाही. ढोलवाल्यांनी आज्ञा मोडून बडवायला सुरुवात केली आणि बिराप्पा घोंगडीवर बसल्या बसल्या मिशीच्या दोन्ही टोकांनी हसू लागला.

हरणाबाई तेवढी हसली नाही. ती त्याच्या डाव्या हाताकडं बघत होती. गर्दी नाथाजीला खांद्यावर घेऊन नाचत होती, तेव्हा ती कट्ट्यावर त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली, आपल्या ओच्यातून भंडाऱ्याची एक मूठ काढली आणि त्याच्या डाव्या तळव्यावर ठेवली.

"पुन्हा येकदा," ती म्हणाली. "आन् ह्या टायमाला जरा लांब."